सारजाबाईची ओळ

“तात्यासाहेब, एक फूल तुम्ही स्वतः धरून दाखवता का?”

विचारलं मी. खरंच विचारलं! माझ्या मैत्रिणी मुनिरा आणि उज्ज्वला शेडनेटच्या जाळीबाहेर, ठिबकच्या नळ्यांच्या वेटोळ्यामागं दबा धरून बसल्या होत्या. पैज त्यांचीच. “कावेरे, वक्तृत्वात कप आणला म्हणून लई मिरवती ना, मग विचार त्यांना. विचारलंस तर दिवाळीचा सगळा अभ्यास आम्ही लिहून देतो.” मला अभ्यासाचं काही नव्हतं. पण कप आणल्यापासून तोंड गप्प बसतच नव्हतं माझं. कुणापुढंही उभं राहावं आणि बोलावं, असंच वाटायचं.

शेडातल्या बाया एकदम थांबल्या. चिमटे हवेत तसेच. तात्यासाहेब दाराजवळ प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून मोबाईलवर बोट फिरवत होते, ते बोट थांबलं.

“काय म्हणली?”

“नाय, म्हणजे मिरचीच्या फुलाला भुकटी कशी लावायची ते बायांना नीट दिसंल. तुम्ही ट्रेनिंगला गेल्ते ना.”

तात्यासाहेब हसले. हसले की त्यांचं पोट आधी हलतं, मग आवाज येतो. “बद्रीनाथाची पोरगी लई शानी झाली बरं का! बाई, मालकानंच फुलं धरायची, मग ह्या बाया कशाला सांभाळल्या? बघून शिकायचं असतं. आम्हाला कोनी शिकवलं?”

“पण बघायचं कोणाचं?”

जाळीमागून मुनिराचं खुदकन हसू आलं. तात्यासाहेब उठले. माझ्याकडं आले नाहीत, सरळ मायच्या ओळीकडं गेले. माय खाली मान घालून झाडापाशी उकिडवी बसलेली.

“सारजा, पोरीला आवर जरा. आन् ती टोपी काढ. टोपी कामाच्या बायांना हाय.”

मायनं टोपी काढून दिली. कंपनीची पांढरी टोपी, वर मिरचीचं चित्र. तात्यासाहेब ट्रेनिंगहून येताना पिशवीभर घेऊन आले होते आणि सगळ्या बायांना वाटल्या होत्या. पदरावर टोपी घालून बाया एकमेकींना बघून किती हसल्या होत्या पहिल्या दिवशी! त्या टोपीमुळं मायचे केस एका बाजूला चपटे झाले होते. ते नीट करायलाही तिनं हात वर नेला नाही.

“उद्यापून त्या शेवटच्या ओळीला लाग तू,” तात्यासाहेब म्हणाले.

शेवटची ओळ दाराजवळची. तिथं वरची जाळी फाटलेली. बाकी शेडात उन्हाचं ताक होऊन खाली पडायचं, तिथं मात्र ते जसंच्या तसं डोक्यावर यायचं.

घरी जाताना मला वाटलं, माय मारील. मारलं नाही. एवढंच म्हणाली, “तू विचारलं ते बराबरच हाय गं. पण बराबर असलेलं सगळंच इचारू नाय.”

आमचं गाव फुलंब्रीच्या पुढं, डांबरी सोडून आत. यंदा भादव्यात पाऊस गेला तो गेलाच. आमची कपाशी गुडघ्याएवढी असताना लाल पडली आणि मक्याला कणसं आली ती दाणेच नसलेली. दादा, म्हणजे माझे वडील, तात्यासाहेबांची पिकअप चालवतात. त्यांनीच एक दिवस जेवताना सांगितलं, “तात्यासाहेब शेडनेटला बाया पाहायलेत. मिरचीचं बियाणं करायचंय कंपनीचं. सावलीतलं काम हाय.” मायला सावलीतलं काम आयुष्यात कधी मिळालं नव्हतं. ती लगेच व्हय म्हणाली.

आणि माय गेली म्हणून बाकीच्या बाया गेल्या. हे सांगायलाच पाहिजे, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळंच झालं. मायच्या हाताला गुण आहे असं गावात म्हणतात. पेरणीची पहिली मूठ धरायला तिला बोलावतात. कोंबडी अंड्यांवर बसवायची तर अंडी मायनं ठेवायची. लोणच्याला मीठ लावायलासुद्धा गल्लीतल्या बाया कैऱ्या चिरून ठेवून तिची वाट बघतात. आमच्याकडं पत्र्याचं घर आहे, कोरडी विहीर आहे, आणि मायचा हात आहे. तिसरं सोडलं तर आमचं गावात नाव घ्यावं असं काही नाही.

पहिल्या दिवशी तात्यासाहेबांनी काम शिकवलं ते असं. दाराच्या अलीकडं उभं राहून हात लांब केला. “ह्या तिकडच्या दोन ओळी नर. बाकी सगळ्या माद्या. मादीच्या फुलातले निळे दाणे चिमट्यानं काढायचे, नराची भुकटी लावायची, लाल धागा बांधायचा. लागा कामाला.” तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. बायांच्या अजून चपला काढून व्हायच्या होत्या.

प्रत्येकीला एक चिमटा, लोकरीच्या धाग्यांचा गुंडा आणि भुकटी ठेवायची प्लॅस्टिकची अंगठी मिळाली होती. अंगठीवर खड्याच्या जागी इवलीशी वाटी. सगीराखाला, म्हणजे मुनिराची अम्मी, अंगठी घालून हात लांब धरून बघत होती. “हाय अल्ला, शादी में भी इत्ती बडी नै मिली मेरेकू.” मग हळूच मायजवळ सरकली. “सारजा, मेरेकू तो कुछ नै समझा. कौनसा फूल लेने का? खिला हुआ के बंद?”

मायला तरी कुठं माहीत होतं? ती उठून तात्यासाहेबांकडं गेली. मी डबा घेऊन गेले होते, माझ्यासमोरचं आहे हे.

“तात्यासाहेब, उमललेलं घ्यायचं का मुकी कळी?”

त्यांनी मोबाईलवर हात ठेवला. “फूल घ्यायचं, फूल. सांगितलं ना एकडाव. का लिहून देऊ?”

माय परत आली. बाया तिच्या तोंडाकडं बघत होत्या. तिनं एका झाडाची फांदी वर उचलली. एक फूल उमललेलं, पांढरं, आत निळसर दाणे. शेजारी एक कळी, टपोरी, मिटलेली.

“मुक्या कळीला हात लावू नाय,” माय म्हणाली. “देवाला तरी आपण मुकी कळी वाहतो का? उमललेलंच वाहतो ना. आन् नराचं बी उमललेलंच तोडायलोत.”

“हाव, बराबर,” मनकर्णाबाई म्हणाली. ती आमची शेजारीण, सगळ्यांत वयस्कर. “सारजा म्हणती ते घ्या. तिच्या हाताचं वाया जात नाय.”

मग बाया लागल्या कामाला. दिवसभर उकिडवं बसायचं, एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर, मान वाकडी. संध्याकाळी मायला उभं राहताना खांबाला धरावं लागायचं. पण आठ-पंधरा दिवसांत धाग्यांच्या मागं हिरवे ठिपके आले, मग करंगळीएवढ्या मिरच्या झाल्या. लाल लोकर बांधलेल्या हिरव्यागार मिरच्या. मायच्या ओळीला सगळ्यांत जास्त. मनकर्णाबाई सगळ्यांना हाताला धरून दाखवायची. “बघा, म्हणलं नव्हतं का मी?”

आणि मायचं कौतुक ऐकून मी तेव्हा नाचतच होते नुसती.

कंपनीचा शेडं तपासणारा जुना माणूस नोकरी सोडून गेलेला. नवे साहेब दिवाळीनंतर आले, मोटारसायकलवर, पाठीला सॅक. बारीक अंगाचे, चष्मा, आमच्या शाळेतल्या नव्या गुरुजींएवढेच असतील. शाळा उघडायला अजून वेळ होता, म्हणून मी तिथंच होते. दारातून शिरलं की आधी लागते ती मायची ओळ, पैजेनंतर मिळालेली. साहेब तिथंच खाली बसले.

“मावशी, आता कोणतं फूल धरणार होतात?”

मायनं दाखवलं. उमललेलं, टवटवीत. साहेबांनी ते तोडलं, नखानं आतला दाणा फोडला आणि तळहातावर झटकलं. पिवळी पूड पडली.

“हे बघा. हे फुटलेलंय. उमललं तेव्हाच ह्याचं आपल्या आपण फळलं, म्हणजे सेल्फ झालं; आपल्याला दोन जातींचं क्रॉस बियाणं हवंय. आता तुम्ही नर लावा नाहीतर नका लावू, काय उपयोग?” मग त्यांनी शेजारची टपोरी मुकी कळी धरली. “ही घ्यायची. उद्या उमलणार आहे ती. आज दुपारून दाणे काढायचे, उद्या सकाळी नर लावायचा.”

मायचं तोंड उघडं राहिलं. ती त्या कळीकडं बघत होती.

साहेब उठले. दुसऱ्या ओळीत गेले, तिसऱ्या ओळीत गेले. प्रत्येक ठिकाणी तेच विचारलं, बायांनी तेच फूल दाखवलं. परत आले तेव्हा त्यांच्या कपाळाला घाम होता. “सगळ्यांनी असंच केलंय? कोणी सांगितलं असं करायला?”

बाया खाली बघता बघता मायकडं बघत होत्या. मनकर्णाबाईसुद्धा.

“म्या सांगितलं,” माय म्हणाली.

“तुम्हाला शिकवलं कोणी होतं?”

आता तात्यासाहेब पुढं झाले. “साहेब, दोन दिस म्या सोता उभं राहून एक-एकीला दाखवलंय. ह्यांच्या डोक्यात शिरंल तर शपथ. खेड्याच्या बाया, काय करता?”

साहेबांनी मान हलवली, पण त्यांच्याकडं बघून नाही. मायकडंच बघत होते. “दाखवलं होतं का मावशी? मला लिहून द्यावं लागतं वर. दाखवलं नसलं तर तसं सांगा, घाबरू नका.”

दादा दाराबाहेर पिकअपमधून रिकामे क्रेट उतरवत होते. माझी माय त्यांच्याकडं बघायली, मी पण त्यांच्याकडं बघायले. दादांनी क्रेट खाली ठेवला आणि पिकअपच्या टायरला पायानं दाबून बघितलं, हवा आहे का. हवा होती.

मी तोंड उघडलं. तर मायनं माझं मनगट धरलं. असं धरलं की तिच्या बोटातली ती भुकटीची अंगठी माझ्या हाडाला रुतली.

“व्हय,” माय म्हणाली. “दाखवलं व्हतं.”

साहेबांनी तसं वहीत लिहून घेतलं. मग म्हणाले, धागा बांधलेली सगळी फळं तोडून टाका. एकही ठेवायचं नाही. झाडांना अजून फूल येईल, नव्यानं धरा, तरच कंपनी हा प्लॉट ठेवील, नाहीतर रद्द. आणि स्वतः खाली बसून त्यांनी कळी कशी उघडायची ते दाखवलं. पाकळ्या बाजूला, दाणे एकेक काढायचे, मधला दांडा जपायचा. मी सगळ्यांत जवळ बसले होते. त्यांनी चिमटा माझ्या हातात दिला. माझ्याकडून दुसऱ्या कळीलाच जमलं.

“वा, हिला जमतंय,” साहेब म्हणाले.

मी हसले. मायसमोर. मागं तात्यासाहेब उभे होते, त्यांनी ऐकलं.

तोडणी त्याच दुपारी. तात्यासाहेबांनी ताडपत्री अंथरून घेतली. एरवी शेडात नुसता कलकलाट, सुनांच्या गोष्टी, सगीराखालाची गाणी. त्या दिवशी फक्त देठ तुटायचा आवाज. कट, कट, कट. माय दोन बोटांनी फांदीला आधार द्यायची आणि मग मिरची सोडवायची, जसं काही अजून ती पिकायचीच आहे.

“आता कशाला जपायलीस?” तात्यासाहेब डोक्यावर उभे. “ओढ की! जपायचं तव्हा जपलं नाय.”

“फांदी मोडंल,” माय म्हणाली.

“लई अक्कल हाय ना तुला फांद्यांची.”

दोन बाया हसल्या. माझी माय हसण्यासारखं काय करत होती, मला कळलं नाही. पण त्या तात्यासाहेबांसाठी हसत होत्या, त्यांना उद्या कामाला यायचं होतं.

ताडपत्रीवर ढीग झाला. हिरव्या मिरच्या, प्रत्येकीच्या गळ्यात लाल लोकर. दादांनी पिकअप मागं घेतली, ढीग भरला आणि बांधाकडच्या खड्ड्यात ओतून आले. येताना ते आमच्याकडं न बघता गेले.

घरी आल्यावर मायचे दोन्ही हात कोपरापर्यंत पेटले होते. बोटं सुजलेली, नखांच्या कडा लाल. पाण्यानं आणखी भडकायचं. सगीराखालानं गडवाभर ताक पाठवून दिलं होतं, ते परातीत ओतून माय त्यात हात बुडवून बसली. मी भाकरी केल्या, वाकड्या झाल्या. तिला घास मी भरवला. मधेच तिचं नाक वाहायला लागलं, तिला पुसता येईना. ती मान वर करून माझ्याकडं बघायला लागली, लहान पोर बघतं तशी. मी माझ्या ओढणीनं पुसलं.

“उद्या कळी दाखव मला,” ती म्हणाली. “त्या साहेबानं काय केलं, मला धड दिसलंच नाय. डोळ्यापुढं नुसतं हिरवं हिरवं आलं व्हतं.”

पण दुसऱ्या दिवशी तात्यासाहेबांनी तिला आत घेतलंच नाही. “आधी हात बरा कर,” म्हणाले.

गाव कसं असतं. पिठाच्या गिरणीपाशी पोरं बसलेली. मी दळण घेऊन गेले तर एकजण म्हणाला, “काय गं, तुझी माय यंदा काय पेरणार? सेल्फ का क्रॉस?” सगळे खदाखदा हसले. ते शब्द त्यांनी शेडातल्या बायांकडूनच ऐकले असणार. मुनिरा माझ्याबरोबर होती. ती म्हणाली, “तेरे को पैदा किए ना, वो सेल्फ था शायद. इसीलिए ऐसा निकला.” पोरगं पळालंच. आम्ही दोघी हसत आलो. घरात शिरताना मात्र मी हसू पुसून टाकलं.

मायला मी काही सांगितलं नव्हतं. पण तिच्यापर्यंत पोचलं होतंच. ज्या शेजारणीची कोंबडी खुडुक झाली होती, तिनं अंडी स्वतःच ठेवली. आम्हाला ते कोंबडीचा आवाज ऐकून कळलं.

आणि मग मनकर्णाबाईची पेरणी आली. तिच्या विहिरीला थोडं पाणी आहे, तेवढ्यावर ती शाळू पेरते. दर वर्षी पहाटे ती आमच्या दारात येते आणि म्हणते, “सारजे, चल गं बाई.” माय मग नहाण करून, कुंकू लावून जाते, पहिली मूठ सोडते आणि येताना हातावर गूळ घेऊन येते. तो गूळ मला. दरवर्षी.

त्या दिवशी मी जागी झाले तेव्हा माय न्हालेली होती. हिरवं लुगडं नेसलेली, जे ती फक्त पेरणीला आणि लग्नाला काढते. हात आता बरे होते, नुसती सालं निघत होती. उंबऱ्यावर बसली होती. दादा आत झोपल्यासारखे पडले होते, झोपले नव्हते.

गल्लीच्या टोकाला ट्रॅक्टर सुरू झाला. जवळ आला. मायनं पदर नीट केला. मनकर्णाबाई ट्रॉलीत बसली होती, शेजारी तिची सून, सुनेच्या मांडीवर बियाण्याची पिशवी. आमच्या घरासमोर ट्रॅक्टर थोडा हळू झाला की मलाच तसं वाटलं, कोण जाणे. मनकर्णाबाई दुसऱ्या बाजूला बघत होती. तिथं नुसती भिंत आहे.

ट्रॅक्टर गेला. धूर राहिला. माय आणखी थोडा वेळ बसली, मग उठली, आत गेली, आणि बाहेर आली तेव्हा रोजचं फाटकं लुगडं नेसलेली होती. हिरव्या लुगड्याची तिनं अगदी काठाला काठ लावून घडी घातली.

संध्याकाळी मनकर्णाबाई आली, वाटीत गूळ घेऊन. दारातच उभी. “सारजे, वाईट वाटून घेऊ नको गं. माझं काय नाय. पोरं म्हंत्यात, पाणी थोडं हाय, यंदा कशाला उगी.”

“नाय नाय, बराबर हाय त्यांचं,” माय म्हणाली. “बसा ना. च्या टाकते.”

मनकर्णाबाई बसली नाही. गूळ तसाच चुलीजवळ राहिला. मी नाही खाल्ला.

शाळा सुरू झाली. सोमवारचीच गोष्ट. मी शाळेतून आले तर दादा लवकर घरी, खाटेवर. एरवी पिकअप लावून ते अंधार पडल्यावर येतात. माय भाकऱ्या थापत होती. तवा तापलेला, तिच्या हातावरच्या नव्या कातडीला धग सोसत नव्हती, म्हणून ती मधेमधे हात झटकत होती.

“कावेरे, बस,” दादा म्हणाले. ते इतकं गोड बोलले की मला भीतीच वाटली. “तात्यासाहेबांनी तुला बोलावलंय.”

“मला? कशाला?”

“त्या साहेबानं दाखवलेलं तुलाच जमलं म्हणून. बायांना काही जमना. साहेबाचा सारखा फोन येतो, आता प्लॉट जातो का राहतो असं झालंय. तर तुला बायांवर ठेवायचं म्हणले. सकाळी शाळंच्या आधी, आन् दुपारून शाळा सुटल्यावर. तू सांगायचं, बायांनी करायचं.”

खोटं कशाला सांगू, एक क्षण मला आतून गुदगुल्याच झाल्या. एवढ्या बाया आणि मी सांगणार! मग विचारलं, “आन् माय?”

दादांनी खाटेची सुंभाची दोरी बोटानं ओढली. “तिला बी घेतील. पाणी द्यायला. धागे कातरून द्यायला. फुलाला तेवढं हात लावू नाय म्हणले.”

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला. मायनं ती उलटली.

“बरं हाय की,” ती म्हणाली. फार लवकर म्हणाली. “जा तू. माझा हात उतरला, तुझा चालू दे. घरातलंच घरात राहतंय.”

“उतरला? कोणी सांगितलं उतरला? तुला कोणी दाखवलंच नाय, माय! तू विचारायला गेल्तीस त्यांना, मी होते तिथं.”

“जाऊ दे गं.”

“दादा, त्या ट्रेनिंगला तुम्हीच नेलं होतं ना त्यांना? पिकअपनं?”

माय पीठ मळायला लागली. मळलेलंच पीठ पुन्हा मळत होती.

“सांगा ना.”

“जेवणापर्यंत व्हते,” दादा म्हणाले. “औरंगाबादला त्या हॉटेलात सकाळी भाषणं झाली. मग जेवण. टोप्या दिल्या. फुलं कशी धरायची ते दुपारून दाखवणार व्हते. तर तात्यासाहेब म्हणले, बद्री, गाडी काढ, गुलमंडीला जाऊ, सुनंला साड्या घ्यायच्या हायत.” त्यांनी घसा साफ केला. “दुपारभर साड्याच बघितल्या. म्या बाहेर गाडीपाशी व्हतो.”

“मग साहेबानं विचारलं तेव्हा का नाय बोलले?”

“गाडी त्यांची हाय, कावेरे.” दादांनी दोन्ही तळहात मांडीवर उपडे ठेवले. “आपलं दुसरं काय हाय यंदा?”

मी मायकडं बघितलं. मला वाटलं, आता तरी तिला राग येईल, ती परात आपटंल, दादांना काही म्हणेल. तिनं नुसती लाकडं आत सारली.

“मला ठाऊक व्हतं,” ती म्हणाली. “तुझ्या बापानं त्या ट्रेनिंगच्याच रातीला सांगितलं व्हतं मला.”

“ठाऊक होतं? आणि तू व्हय म्हणालीस?”

“मंग काय म्हणू? प्लॉट रद्द झाला असता. सगीरा कुठं गेली असती, मनकर्णाबाई कुठं गेली असती? त्या माझ्या जिवावर आल्या व्हत्या तिथं.” तिनं भाकरी टोपल्यात ठेवली. मग पहिल्यांदाच तिचा आवाज फाटला. “मला वाटलं, म्या अंगावर घेतलं तर त्या माझ्या संगट राहतील. हात गेला तरी बाया राहतील. आता दारावरनं जात्यात तर भिंतीकडं बघत्यात गं.”

ती रडली नाही. पुढची भाकरी थापायला तिनं गोळा घेतला, पण तो हातात तसाच धरून बसली. बोटांवर नवी गुलाबी कातडी आणि त्यावर पीठ. ते हात मी लहानपणापासून बघत आले. त्यांनी कधी काही करायला घेतलं आणि मधेच थांबले, असं झालं नव्हतं.

मला खूप बोलायचं होतं. स्पर्धेत हात कसे हलवायचे, आवाज कुठं चढवायचा, सगळं मला येतं. त्यातलं काही सुचलं नाही. मी उठले, मायच्या हातातला गोळा घेतला, परातीत ठेवला आणि दोघांच्या मधे खाली बसले.

“दादा, माय, ऐका,” मी म्हणाले. “मी त्या शेडात जाणार नाय. मायनं पाण्याचा हंडा घेऊन माझ्यामागं फिरायचं आणि मी तिला म्हणायचं की फुलाला हात लावू नको, हे मला होणार नाय. तात्यासाहेबांनी सगळ्या बायांसमोर म्हणावं की सारजाबाईला कोणी दाखवलं नव्हतं. तसं म्हणले तर त्याच दिवशी येते, आणि मायला तिच्या ओळीत शेजारी बसून शिकवते. नाय म्हणले तर नाय. दादा, तुम्ही त्यांना काही सांगू नका, गाडी त्यांची आहे. उद्या शाळेच्या आधी मी जाते. मीच सांगते.”